पंचवीस नंबरचा जोड

नाबोर कावासोसला पहिल्यांदा खटकलं ते स्पीकर उचलताना. जत्रेतला कार्यक्रम संपला होता, मंडळी वायरी गुंडाळत होती आणि नाबोर नेहमीसारखा मोठ्या स्पीकरची एक बाजू धरायला वाकला. तेवढ्यात पिलो धावत आला. पिलो त्यांच्या बँडचा ड्रमवाला, फाटक्या तोंडाचा. नाबोरच्या बारक्या पावलांवरून चार शब्द ऐकवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्याने नाबोरचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाला, "राहू द्या, मास्तर. तुम्ही बसा."

नाबोरने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच मास्तर उभा नव्हता.

"काय रे, ताप आलाय का तुला?" त्याने विचारलं.

पिलो हसला नाही. मान खाली घालून स्पीकर एकट्यानेच ओढत घेऊन गेला.

मॉन्तेमोरेलोसच्या संत्र्यांच्या पट्ट्यात 'लोस विसाचेस' हा पाच जणांचा बँड सगळ्यांच्या माहितीतला. लग्न असो, बाप्तिस्मा असो, जत्रा असो, एवेलियो तामेसचा अकॉर्डियन आणि नाबोरचा बाहो सेस्तो वाजल्याशिवाय लोकांना नाचल्यासारखं वाटत नसे. बाहो सेस्तो म्हणजे बारा तारांची जाडजूड गिटार. नाबोर उभ्या जन्मात दुसरं काही शिकला नव्हता. तो आणि एवेलियो एकाच गल्लीत वाढले, एकमेकांना शिव्या देत मोठे झाले. पुढे एवेलियो नाबोरच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता झाला आणि त्या दिवसापासून रिवाजाप्रमाणे दोघे एकमेकांना 'कोंपाद्रे' आणि 'तुम्ही' म्हणू लागले. शिव्या मात्र तशाच चालू राहिल्या.

आता शिव्याही बंद झाल्या होत्या. तालमीला नाबोर उशिरा पोचला, तर एवेलियो म्हणाला, "काही हरकत नाही, कोंपाद्रे." एवेलियोच्या बायकोने लिनारेसच्या दुधाच्या वड्यांचा डबा पाठवला, कारण काही नाही, सहजच. बासवाला तर एकदा चालता चालता नाबोरच्या खांद्यावर हात ठेवून नुसताच उभा राहिला आणि मग नाक शिंकरत निघून गेला.

नाबोरच्या मनात एकच गोष्ट आली: आपण मरायला टेकलोय आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या महिन्यात बायकोने, ओरालियाने, त्याला धरून रक्त तपासायला नेलं होतं. त्या रात्री जेवताना त्याने आडून विचारलं, "त्या डॉक्टरणीने काय सांगितलं होतं गं?"

"शुगर बरी आहे म्हणाली. पोळ्या कमी खा म्हणाली."

"एवढंच?"

"आणखी काय पाहिजे तुला, म्हाताऱ्या? नसतं दुखणं हवंय का?"

ओरालियाचा चेहरा तर उलट खुलला होता. ती हल्ली भांडी घासताना गुणगुणायची. अंगणातल्या अक्रोडाखाली तिने झाडून जागा केली होती आणि तिथे बाक ठेवायचा की खुर्च्या, यावर ती शेजारणीशी बोलत असे. मरणाऱ्या नवऱ्याची बायको असं गुणगुणते का, हे नाबोरला ठरवता येईना. मध्येच ती विचारायची, "शनिवारी तुला काय खायला आवडेल रे?" लग्न झाल्यापासून नाबोर शनिवारी कधी घरी जेवला नव्हता. शनिवारी तो कुणाच्या तरी लग्नात असायचा. "जे असेल ते," असं म्हणून तो उठायचा आणि उरलेला दिवस त्या प्रश्नाचा अर्थ लावत बसायचा.

अशातच बुटांचं निघालं. हंगामातलं पहिलं मोठं लग्न लिनारेसला होतं, एका बागायतदाराच्या मुलीचं. एवेलियोच्या मनात आलं की या वर्षी सगळ्यांच्या पायात अजगराच्या कातड्याचे बूट हवेत, मधाच्या रंगाचे, सगळे एकसारखे. शहामृगाचे आता कोणीही घालतं, असं त्याचं म्हणणं. लेओन शहरातला चांभार क्रिस्पीन बँडसाठी कायम बूट बनवायचा. त्याला फोन गेला आणि जोड तयार झाल्याचा निरोपही आला.

"मी आणतो," नाबोर म्हणाला. "बेनिग्नाला भेटायला जायचंच आहे लेओनला." बेनिग्ना त्याची थोरली बहीण.

एवेलियो त्याच्याकडे बघत राहिला. "तुम्ही आणणार? तुम्ही स्वतः?"

"का, पळून जाईन बूट घेऊन?"

एवेलियोने त्याला मिठी मारली. मिठी लांबली. सोडलं तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "कोंपाद्रे, तुमच्याएवढं मोठं मन मी पाहिलं नाही," तो म्हणाला.

बूट आणायला मन कशाला मोठं लागतं, हे नाबोरला बसमध्ये सबंध रस्ताभर कळलं नाही. त्याला तर पोतं मोठं लागेल एवढंच वाटलं होतं.

क्रिस्पीनचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. आत शिरलं की सोल्युशनचा आणि कमावलेल्या चामड्याचा वास नाकात बसायचा. भिंतीवर पाच-सहा अजगरांची कातडी सरळ लटकवलेली होती, एखाद्याने धोतरं वाळत घालावीत तशी. नाबोर तिथे कधी आला नव्हता. मापं नेहमी फोनवरूनच जायची. क्रिस्पीन चष्मा कपाळावर चढवून बाहेर आला, नाव विचारलं नाही, बँडचं नाव ऐकताच खोकी काढून ठेवली.

"बघून घ्या," तो म्हणाला. "एका कातड्यासारखं दुसरं नसतं, साप आहे तो. पण डावा उजवा मी जुळवलाय. पाठीचं चित्र बरोबर नडगीवर येतं बघा."

जोड सुरेख होते. बारीक खवले बोटाखाली थंड लागत होते, आणि तपकिरी ठिपक्यांची माळ टाचेपासून वर चढत गेली होती. नाबोर एकेक खोकं उघडत गेला. एवेलियोचे सत्तावीस. पिलोचे अठ्ठावीस. बासवाल्याचे, सॅक्सोफोनवाल्याचे. शेवटचं खोकं उघडलं तर त्यात होड्याच होत्या जणू. एकोणतीस.

त्याचा नंबर पंचवीस. नव्या बुटांचा विषय निघाला की पिलो म्हणायचा, याला शाळेच्या दुकानातून घ्या, स्वस्त पडतील.

"जोड पाचच सांगितले होते?" नाबोरने विचारलं.

"पाच सांगितले, पाच केले."

"पंचवीस नंबर नाही यात."

"तेच मी पण विचारलं होतं," क्रिस्पीन म्हणाला. "इतकी वर्षं माझ्याकडून तुमचा एक पंचवीस जातो. मला तो आवडतो, बारक्या बुटाला कातडं कमी लागतं. म्हटलं, चुकलं असेल. पुन्हा फोन लावून विचारलं. तर म्हणे, पंचवीस आता नको, त्याच्या जागी एकोणतीस." त्याने नाबोरकडे नीट पाहिलं. "तुम्ही काय वाजवता?"

नाबोरने आपले पाय बाकाखाली ओढून घेतले. "मी गाडी चालवतो," तो म्हणाला.

"असं होय. त्या पंचवीसवाल्याला काय झालं हो? गेला का?"

"मला पण नीट माहीत नाही," नाबोर म्हणाला. आणि हे मात्र अगदी खरं होतं.

बेनिग्नाच्या घरी त्याने खोकी दाराशी ठेवली आणि सगळं सांगितलं. बेनिग्ना उसळी शिजवत होती. तिने गॅस बारीक केला, कमरेवर हात ठेवून ऐकलं.

"सरळ आहे," ती म्हणाली. "तुला काढलाय. आणि वर नव्या माणसाच्या वहाणा तुझ्याच डोक्यावर दिल्यात."

"मीच म्हटलं आणतो म्हणून."

"मग तू मूर्ख, आणखी काय."

"पण काढायचं तर मिठ्या कशाला मारतील? वड्या कशाला पाठवतील?"

"कसाई नाही का बोकडाला पाठीवरून हात फिरवत?"

"पिलो मला मास्तर म्हणतो, बेनिग्ना. पिलो."

"फोन लाव त्या एवेलियोला आणि विचार," ती म्हणाली. नाबोरने फोन हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खिशात ठेवला. विचारायचं तरी काय? मला काढलंत का, असं विचारावं आणि त्यांनी नाही म्हणावं, तर मग एकोणतीस कुणाचा? आणि हो म्हणाले तर? रात्री झोपताना त्याने दार लावून तो मोठा जोड पायात घातलाही. पाय आत हरवून गेले. दोन पावलं चालला, तर टाचा मागून येत होत्या. त्याने ते उतरवले, खवल्यांवरचा बोटांचा ठसा बनियनने पुसला आणि खोकं होतं तसं बंद केलं.

परतीच्या बसमध्ये त्याला राग येत होता, पण राग कुणावर धरावा हे जमेना. एवेलियोवर धरावा तर त्याचे ओले डोळे समोर यायचे. ओरालिया आठवली की ती अक्रोडाखालची झाडलेली जागा आठवायची. सगळ्यांना काहीतरी माहीत होतं आणि ते चांगलं होतं की वाईट, एवढंही त्याला कुणाच्या तोंडावरून वाचता येत नव्हतं.

बसस्टँडवरून तो तडक एवेलियोच्या घरी गेला. फाटकाबाहेरच भाजलेल्या मांसाचा वास आला. अंगणात संत्र्यांच्या झाडांखाली टेबलं लावली होती. निखारे फुलले होते, बँडमधले सगळे बायकापोरांसह जमले होते, आणि ओरालियाही तिथे होती, निळ्या झग्यात, जो ती फक्त चर्चच्या सणाला घालायची. नाबोर खोकी घेऊन आत आला तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक धिप्पाड माणूस खुर्चीतून उठला. टोपी काढून छातीशी धरली. "मी गुमारो, मास्तर," तो म्हणाला. "लहान असल्यापासून तुमचं ऐकत आलोय. तुमच्या जागेला बट्टा लागू देणार नाही." नाबोरची नजर आपोआप त्याच्या पायांकडे गेली. एकोणतीस असावेत.

"नाबोर स्वतः घेऊन आला," एवेलियो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बघा. जाणारा माणूस येणाऱ्याचे बूट स्वतः घेऊन आला. असं पाहिलंय कुणी?"

"कोण जाणारा?" नाबोर म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, लाजतोय.

नाबोरने खोकी टेबलावर ठेवली, एवेलियोला दंडाला धरलं आणि घरामागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"कोंपाद्रे, मी जातोय असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

एवेलियो गोंधळला. "तुम्ही."

"मी? कधी?"

"वालावीसेसला. बाप्तिस्म्याच्या कार्यक्रमानंतर, हॉलमागे. तुम्ही म्हणालात, एवेलियो, बास झालं, आता दुसरा बाहोवाला बघा."

नाबोरला ते आठवत होतं. तो तसं म्हणाला होता. "अहो, पण मी हे दरवर्षी म्हणतो."

"दरवर्षी तुम्ही शिव्या घालत म्हणता. या वेळी शिवी नव्हती."

"म्हणून?"

"आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत."

"उकडत होतं."

"आणि मग बोललाच नाहीत. अर्धा रस्ता."

"मला झोप आली होती, एवेलियो."

एवेलियोने कपाळ चोळलं. "मी ओरालियाला विचारलं," तो म्हणाला. "म्हटलं, हे खरं का? ती रडायला लागली."

"ओरालिया रडली?"

"आनंदाने. म्हणाली, देवाने ऐकलं. मग मला वाटलं, तुम्ही घरीही बोलला असाल. तिला वाटलं, तुम्ही आधी मला सांगितलंत आणि तिला सांगायला जीव होत नाही. म्हणून तिने विषय काढला नाही. म्हणून मी पण काढला नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून." मग त्याचा आवाज चढला आणि रिवाज गळून पडला. "आणि तू कुणाला काही विचारलं नाहीस, गाढवा. महिनाभर सगळे तुझ्याशी असे वागतायत आणि तू एका शब्दाने विचारत नाहीस?"

"मला वाटलं मी मरतोय."

एवेलियो टाकीच्या कठड्यावर बसला. म्हणाला, "त्याला परत पाठवू का? गुमारोला? टायरच्या दुकानातली नोकरी सोडून आलाय. पण तू म्हण, मी पाठवतो. आत्ता जाऊन सांगतो."

घराच्या कोपऱ्यावरून अंगण दिसत होतं. गुमारो बुटात पाय घालत होता. बूट हलकेच बसला, तशी त्याची बायको खाली वाकली आणि पदरासारख्या लांब रुमालाने तिने खवले पुसले. गुमारो दोन पावलं चालला आणि पायांकडे बघतच राहिला.

"थांब," नाबोर म्हणाला.

"म्हणजे पाठवू की नको?"

"थांब म्हटलं ना."

कारण आता नाबोरला आणखी एक गोष्ट आठवत होती, जी तो विसरून गेला होता. वालावीसेसला, शेवटच्या पोल्काच्या, त्या नाचाच्या गाण्याच्या, मध्यात, त्याच्या डाव्या हाताचं तिसरं बोट बधिर झालं होतं. तार दाबतोय की नाही हे त्याला कळेनासं झालं. पोल्का संपला, बोट परत आलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तो हॉलमागे जाऊन बसला आणि एवेलियोला जे म्हणाला ते म्हणाला. ते नेहमीचं बोलणं होतं की नव्हतं? त्या वेळी त्याला नेहमीचंच वाटलं होतं. आता खात्री वाटेना. कदाचित त्याच्या मनात नसलेलं एवेलियोने ऐकलं होतं. कदाचित मनात होतं तेच ऐकलं होतं, आणि कळायचं राहिलं होतं ते एकट्या नाबोरला.

तो अंगणात परत आला, मांस खाल्लं, दोन बाटल्या बियर प्यायला, आणि कुणी पाठीवर थोपटलं की मान हलवत राहिला.

घरी आल्यावर ओरालियाने बूट काढता काढता विचारलं, "एवेलियो सांगत होता. खरं आहे? तुला बँड सोडायचा नव्हता?"

"मला कळत नाहीये."

"वाजवायला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही." "खुर्च्या सांगून ठेवल्यात मी. दोन. झाडाखाली ठेवायला."

"सांगितल्या आहेस तर येऊ देत."

"म्हणजे राहतोस घरी?"

"ओरालिया, खरंच कळत नाहीये."

"मग कळेपर्यंत ते बटाटे सोल," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे सुरी ठेवली. तिचा आवाज रागाचा नव्हता, पण त्या दिवशी भांडी घासताना ती गुणगुणलीही नाही.

शनिवारी दुपारी नाबोरने आंघोळ केली, बँडचा कोट चढवला, आपले जुने तपकिरी बूट पुसले आणि बाहो सेस्तोची पेटी उचलली. मुद्दाम ठरवून नव्हे. शनिवार होता, दुपार होती, हात आपोआप पेटीकडे गेला. ओरालिया दारात उभी होती.

"कुठे?"

"बघतो."

एवेलियोच्या फाटकाशी गाडी उभी होती. चौघे आणि गुमारो, सगळ्यांच्या पायात मधाळ अजगर. नाबोर पेटीसह आला. गुमारोने आपली पेटी पोटाशी घेतली.

"निरोप द्यायला आलात, कोंपाद्रे?" एवेलियोने विचारलं.

"नाही."

"मग यायला?"

"तेही सांगता येत नाही."

एवेलियोने मान खाजवली, पिलोकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "बरं, बसा तर आधी. उशीर होतोय."

लिनारेसला पहिला भाग गुमारोने वाजवला. नाबोर स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसून भाताची थाळी खात होता. गुमारोचा हात जड होता पण पक्का होता. नाबोरने दोष शोधायचा प्रयत्न केला; एक सापडला, मग वाटलं तो दोष नाही, ती त्याची पद्धत आहे. दुसऱ्या भागाला एवेलियोने हनुवटीने खूण केली आणि नाबोर वर चढला. गुमारो खाली उतरायला निघाला, तर एवेलियो म्हणाला, "तू कुठे चाललास?" तो थांबला. मग दोघे शेजारी उभे राहून वाजवू लागले, असं त्या बँडमध्ये कधी झालं नव्हतं, आणि नवरीचे मामा नाचता नाचता थांबून मोजू लागले.

तिसऱ्या पोल्काला बोट पुन्हा गेलं. नाबोरला तार लागेना. त्याने तोंडावर काही दिसू दिलं नाही, आणि त्याच क्षणी शेजारून, न बघता, गुमारोने ती खालच्या तारांची ओळ उचलली आणि पुढे नेली. लोक नाचत राहिले. बोट परत आलं तसा गुमारो मागे सरला. त्याचे आभार मानावेत की त्याला दोन शब्द सुनवावेत, हे नाबोरला कळलं नाही. तो वाजवत राहिला.

कार्यक्रमानंतर नवरीची आई पाणी घेऊन आली. पायांच्या रांगेकडे बघत म्हणाली, "पाच जण एकसारखे, आणि हे तपकिरीवाले? हे तुमच्यातले नाहीत का?"

एवेलियोने तोंड उघडलं, शब्द शोधला. "ते आमचेच," तो म्हणाला. "म्हणजे, होते. म्हणजे, आहेतच."

"आहेत की होते?"

"बाई, तुम्ही त्यांनाच विचारा."

तिने नाबोरकडे पाहिलं. नाबोरने पाण्याचा ग्लास घेतला आणि थँक्यू म्हणाला.

ऊन उतरल्यावर सामान भरून सगळे गाडीत चढले. सहा जण, पेट्या, ड्रम. मागे पाय ठेवायला जागा नव्हती. गुमारोला नवे बूट चावले होते, तो ते काढून मांडीवर घेऊन बसला. नाबोर मागच्या दाराशी आला, तर पिलो म्हणाला, "इथे नाही. पुढे." पुढची खिडकीची जागा कायम एवेलियोची असायची. एवेलियो आधीच मागे, ड्रमच्या शेजारी, अंग चोरून बसला होता आणि मुद्दाम बाहेर बघत होता.

नाबोर पुढे जाऊन बसला. ही जागा पाहुण्याला देतात तशी दिली होती, की घरच्या थोरल्याला देतात तशी, हे त्याला समजेना. विचारावं असं त्याच्या एकदा मनात आलं. मग त्याने काच खाली केली, संत्र्यांच्या बागांवरून येणारा वारा तोंडावर घेतला, आणि गाडी मॉन्तेमोरेलोसच्या रस्त्याला लागली.